आधी सेट, मग हिरवा पडदा: व्हर्च्युअल सेटवर शूट कसं करावं

क्रोमाचं, म्हणजे हिरव्या पडद्यासमोर शूट करून मागे दुसरंच दृश्य लावण्याचं, पहिलं मोठं काम हातात आलं तेव्हा मी दोन दिवस नुसत्या कडा कोरत बसलो होतो. निवेदिकेची एकेक बट सुटी निघाली, खांद्याला कुठे हिरवी झालर नाही, बोटांमधल्या फटीसुद्धा स्वच्छ. मागे काचेच्या भिंती आणि चकचकीत फरशी असलेला तयार सेट लावला आणि सहकाऱ्याला बोलावलं. त्याने अर्ध्या मिनिटात निकाल दिला, "बाई सेटवर उभ्या नाहीत, चिकटवल्यात." मी पुन्हा कडांना भिडलो. आणखी एक दिवस गेला. शेवटी कंटाळून मागच्या चित्रावर पट्टी ठेवून रेघा ओढल्या, तेव्हा उलगडा झाला. सेट साधारण कमरेच्या उंचीवरून पाहिलेला होता आणि आमचा कॅमेरा होता निवेदिकेच्या डोळ्यांच्याही वर. दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिलेल्या दोन गोष्टी मी एका चौकटीत कोंबल्या होत्या. मग कडा कितीही कोरा, ते जुळणार कसं?

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. बहुतेक जण आधी पडद्यासमोर शूट उरकतात आणि मग "मागे काय लावूया" म्हणून शोधायला बसतात. मी आधी सेट नक्की करतो, त्याच्याकडून कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि लाइटची दिशा काढून घेतो आणि मगच पडदा टांगतो. पुढचं सगळं त्याच क्रमाने.

सेटकडून मापं काढून घ्या

व्हर्च्युअल सेट, म्हणजे पडद्याच्या जागी दिसणारं हे बनावट दृश्य, तीन रूपांत मिळतो. एक म्हणजे सपाट चित्र, फोटो किंवा थ्रीडी दृश्याचा रेंडर (कॉम्प्युटरने त्यातून काढलेलं चित्र). दुसरा थरांचा सेट. त्यात मागची भिंत, मधला स्क्रीन, पुढचं टेबल वेगवेगळ्या पारदर्शक फायलींत असतं. तिसरा ब्लेंडर किंवा अनरिअल इंजिनमधला पूर्ण थ्रीडी सेट, ज्यात कॅमेरा हवा तिथे ठेवता येतो. तुमचा कॅमेरा हलणार नसेल तर थ्रीडी सेट चालू ठेवून काम करायची गरज नाही. योग्य जागेवरून एक चौकट रेंडर करून घेतली की भागतं. नवशिक्याला मी थरांचाच सेट सुचवेन, तोही पुढे टेबल असलेला. टेबलामागचा माणूस कमरेपासून वर दिसतो, त्यामुळे पाय, जमिनीवरची सावली आणि फरशीतलं प्रतिबिंब ही तिन्ही दुखणी एका फटक्यात टळतात.

चित्र हाती आलं की त्याची क्षितिजरेषा शोधा. फरशीच्या फटी, छताच्या कडा, भिंतीवरच्या पट्ट्या अशा आत जाणाऱ्या समांतर रेषा वाढवत नेल्या की एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेघ मारा. ते दृश्य ज्या कॅमेऱ्याने पाहिलं, त्याची उंची ही रेघ सांगते. आता चित्रात ओळखीच्या मापाची वस्तू बघा. दरवाजा ७ फुटांचा धरला आणि रेघ त्याला जमिनीपासून दोन तृतीयांशावर कापत असेल, तर कॅमेरा सुमारे ४ फूट ८ इंचांवर होता. तुमचा ट्रायपॉडही तेवढ्याच उंचीवर हवा. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक गोष्टीला ही रेघ त्याच उंचीवर कापते, मग ती जवळ असो की लांब. म्हणून साडेपाच फुटांच्या माणसाला ती खांद्याच्या आसपास कापायला हवी. शूटच्या दिवशी हे मॉनिटरवर एका नजरेत तपासता येतं.

लेन्सचं गणितही तसंच. सेट थ्रीडीत असेल तर त्यातल्या कॅमेऱ्याला तुमच्या खऱ्या सेन्सरची रुंदी आणि लेन्सची फोकल लेंग्थ द्या. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स आडवी सुमारे ४० अंश पाहते. तीच लेन्स साडेतेवीस मिलिमीटर रुंदीच्या एपीएस-सी सेन्सरवर जेमतेम २६ अंश पाहते. नुसता "५०" आकडा भरून मोकळं होणारे इथेच फसतात. शिवाय काही कॅमेरे फोर-के रेकॉर्ड करताना सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, तेव्हा खरी रुंदी आणखी कमी होते. सपाट चित्र असेल तर अंदाजावर जावं लागतं: कडेच्या वस्तू ताणलेल्या आणि आत जाणाऱ्या रेषा झपाट्याने आकसणाऱ्या दिसल्या तर ते रुंद लेन्सचं काम. त्यावर लांबून टेली (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने घेतलेला माणूस बसवू नका.

शेवटी सेटमधल्या सावल्या बघा. मोठी खिडकी डावीकडे आहे? मग तुमचा मुख्य लाइटही डावीकडूनच. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा: उंची, लेन्स, माणसापासून कॅमेऱ्याचं अंतर, लाइटची बाजू.

पडदा

हिरवा का, याचं उत्तर सेन्सरमध्ये आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. एचडी व्हिडिओत उजेडाचा जो सिग्नल तयार होतो त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के आणि निळ्याचा ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणून हिरव्यात कमी लाइटमध्येही स्वच्छ, कमी दाण्यांचं चित्र मिळतं. फिल्मच्या जमान्यात निळ्याचं राज्य होतं. निळा आजही बाद नाही. हिरवे कपडे किंवा झाडं दाखवायची असतील तर निळाच लावावा लागतो, फक्त त्याला लाइट जास्त लागतो.

कापड असो, कागदी रोल असो की रंगवलेली भिंत, दोन गोष्टी पाहा: चकाकी नको आणि सुरकुती नको. कापड क्लिपा लावून चारी बाजूंनी ढोलकीच्या पुडीसारखं ताणा. घडीच्या खुणा वाफेच्या इस्त्रीने काढा. पडदा मोठा तितका चांगला हा समज मात्र सोडा. चौकटीच्या बाहेर जे हिरवं उरतं त्याचा की करताना, म्हणजे हिरवा भाग काढून टाकताना, काहीच उपयोग नसतो, ते फक्त माणसाच्या गालांवर हिरवा उजेड फेकत राहतं. हात हलवायला पुरेल एवढी जागा सोडून उरलेला भाग मी काळ्या कापडाने झाकतो.

लाइट: दोन कामं, दोन वेगळे संच

दिवसातला सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एडिटवर तीन तास खाणारी कटकट इथे वीस मिनिटांत मिटते.

पडद्याचा लाइट आणि माणसाचा लाइट ही दोन स्वतंत्र कामं आहेत. एकाच लाइटमध्ये दोन्ही उरकायला गेलात तर माणसाची सावली पडद्यावर पडते आणि माणूस सपाट दिसतो. आधी माणसाचे लाइट बंद ठेवून फक्त पडदा उजळा. दोन्ही बाजूंना एकेक मऊ लाइट, पडद्यापासून पुरेसा मागे. लाइटचं अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथ्या हिश्शावर येते, त्यामुळे जवळ ठेवलेला लाइट जवळच्या कडेला भगभगीत आणि मध्यभागी मंद पडतो. मागे घेतला की हा फरक कमी होतो. डावा लाइट पडद्याच्या उजव्या भागाकडे आणि उजवा डाव्या भागाकडे रोखला तर मध्य आणि कडा आणखी सारख्या होतात.

सारखेपणा डोळ्यांनी ठरवू नका. डोळा लगेच जुळवून घेतो. वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड टक्क्यांत दाखवणारा आलेख) असेल तर पडदा त्यात एक बारीक आडवी रेघ म्हणून दिसायला हवा, साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या पट्ट्यात. रेघ जाड दिसली तर उजेड असमान आहे, वाकडी दिसली तर एक बाजू जास्त उजळ आहे. वेव्हफॉर्म नसेल तर कॅमेऱ्याचा झेब्रा, म्हणजे ठरवलेल्या उजेडाच्या जागी स्क्रीनवर उमटणारे पट्टे, वापरा: झेब्रा ५० टक्क्यांच्या आसपास लावा आणि आयरिस (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) हळूहळू उघडत जा. पट्टे सगळ्या पडद्यावर एकदमच उमटले तर काम फत्ते. डाव्या कोपऱ्यात आधी आणि उजवीकडे बऱ्याच वेळाने उमटले तर कुठला लाइट सरकवायचा ते तिथेच कळतं.

पडदा फार उजळवण्याचा मोह आवरा. भगभगीत हिरवा फिका पडतो, त्यातला रंगच कमी होतो, आणि माणसावर झाक वाढते ती वेगळीच.

आता माणूस. त्याला पडद्यापासून निदान ६ ते ८ फूट पुढे आणा; जागा असेल तर आणखी. जितकं अंतर, तितकी हिरवी झाक कमी आणि सावलीची भीतीही कमी. त्याचा मुख्य लाइट कागदावर लिहिलेल्या बाजूने लावा. सेट निळसर थंड असेल तर नुसता गरम पिवळा चेहरा तिथे परका वाटतो, म्हणून लाइटचा रंगही सेटला धरून ठेवा. मागून केसांवर आणि खांद्यांवर एक बॅक लाइट हवाच. तो कडांवरचा हिरवेपणा धुऊन काढतो आणि सेटमध्ये दिवे आहेत असं पटवून देतो. पण सेटच्या मागच्या भागात एकही दिवा किंवा खिडकी नसेल तर बॅक लाइट मंदच ठेवा. नाहीतर प्रेक्षकाला कारण न कळता काहीतरी खटकत राहतं.

कॅमेरा

ऑटो म्हणून जे काही आहे ते बंद: एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ. माणूस हलला आणि कॅमेऱ्याने स्वतःहून उजेड बदलला, की पडद्याचा हिरवा बदलतो आणि तुमचा की कोसळतो. मोबाइलवर शूट करत असाल तर एक्सपोजर आणि रंग लॉक करा, एचडीआर आणि चेहरा उजळवणारे फिल्टर बंद करा. आयएसओ कॅमेऱ्याला सोसेल तितका खाली ठेवा. शार्पनेस किंवा डिटेलचं सेटिंग कमीत कमी करा. कॅमेरा कडांना जी कृत्रिम धार लावतो तीच पुढे माणसाभोवती काळी-पांढरी रेघ बनून उरते.

सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद हे नेहमीचं गणित. हात फार हलवणारा निवेदक असेल तर मी १/१०० वर जातो. हलणाऱ्या बोटांचा धूसर भाग अर्धा माणूस आणि अर्धा पडदा असतो, आणि कीअरला, म्हणजे की करणाऱ्या सॉफ्टवेअरला, नेमकं तेच नको असतं. फार वर गेलात तर हालचाल तुटक दिसते.

रेकॉर्डिंगचा फॉरमॅट हा लोकांच्या नजरेतून सुटणारा भाग. बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात. म्हणजे फुल एचडीत उजेड १९२० बाय १०८० बिंदूंचा, पण रंग फक्त ९६० बाय ५४० चा. की तर रंगावरच होतो, म्हणून कडा पायऱ्या-पायऱ्यांसारख्या निघतात. ४:२:२ (यात रंगाचे बिंदू जास्त असतात) आणि १० बिट मिळत असेल तर घ्या; ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १०२४. नसेलच मिळत तर फोर-केत शूट करा आणि फुल एचडीत द्या. लहान करताना रंगाचे बिंदू उजेडाच्या बिंदूंच्या बरोबरीला येतात.

एकटा उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा असेल तर एक युक्ती: कॅमेरा ९० अंशांत फिरवून उभा लावा. आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंचं हिरवं फुकट जातं. उभ्या फोर-केत माणसाला ३८४० बिंदूंची उंची मिळते, मग सेटमध्ये हवं तेवढं जवळ जाता येतं. सेटमधल्या कॅमेऱ्याशी मापं जुळवताना ही अदलाबदल लक्षात ठेवली म्हणजे झालं.

माणूस आणि त्याच्या हातातल्या वस्तू

हिरवे कपडे नकोत हे सगळ्यांना माहीत असतं. आरशासारख्या वस्तू मात्र विसरल्या जातात. एका शूटला टेबलावर स्टीलची पाण्याची बाटली होती. मॉनिटरवर काही वाटलं नाही. की केल्यावर बाटलीला आरपार भोक पडलं आणि त्यातून मागची भिंत दिसायला लागली. त्या बाटलीभोवती प्रत्येक शॉटमध्ये हाताने मास्क काढत बसावं लागलं. घड्याळ, चष्मा, चमकते दागिने, टिकल्यांचं काम, पॉलिश केलेले बूट: सगळं शूटआधी एकदा कॅमेऱ्यातून बघा. चष्म्यात हिरवं दिसलं तर हनुवटी किंवा चष्म्याची काडी किंचित वर-खाली करून बघा. बहुतेकदा तेवढ्यानेच जातं. फार बारीक रेघांचे आणि अर्धपारदर्शक कपडेही टाळा.

निवेदकाला सेटचं चित्र आधी दाखवा, जमल्यास समोर मॉनिटरवर ठेवा. "इथे स्क्रीन आहे" म्हणून तो हवेत बोट दाखवणार असेल तर त्या जागी त्याच्या नजरेला खूण हवी. स्टँडवर पडद्याच्याच रंगाची टेप लावा, पायांच्या जागाही त्याच टेपने आखा.

शूट संपल्यावर निवेदक बाजूला झाला की लाइट आणि कॅमेरा न हलवता रिकाम्या पडद्याची दहा सेकंदं घ्या. पडद्यातली उरलीसुरली असमानता वजा करायला ही क्लीन प्लेट बऱ्याच कीअरना चालते.

की

कीअर आत काय करतो ते एकदा आकड्यांत पाहिलं की त्याच्या खुंट्या कळतात. एका पडद्याच्या बिंदूत लाल ६०, हिरवा १५०, निळा ७० समजा. हिरव्यातून उरलेल्या दोघांतला मोठा आकडा वजा करा: १५० वजा ७०, उरले ८०. इतका निखळ हिरवा म्हणजे हा पडदा, काढून टाक. आता गालाचा बिंदू घ्या: लाल २००, हिरवा १५०, निळा १२०. १५० वजा २०० म्हणजे शून्याच्या खाली. हा माणूस, ठेव. त्वचा गोरी असो की काळी, तिच्यात लाल हिरव्यापेक्षा जास्तच असतो, म्हणून हे गणित सगळ्यांना लागू पडतं. मधल्या आकड्यांचे बिंदू म्हणजे केसांच्या कडा. ते अर्धे पारदर्शक होतात. रंगांच्या फरकावर चालणारी ही पद्धत फिल्मसाठी पेट्रो व्लाहोस यांनी विकसित केली. त्यांनीच १९७६ मध्ये अल्टिमॅट कंपनी काढली. आजचे बरेच कीअर याच कल्पनेवर उभे आहेत.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवा. प्रथम माणसाभोवती ढोबळ मास्क काढून स्टँड, पडद्याचे कोपरे, काळं कापड हे सगळं बाहेर करा. कीअरला फक्त माणसाजवळचं हिरवं सोडवू द्या. चित्रात दाणे असतील तर की करण्याआधी नॉइज कमी करा. मग कीअर लावा: आफ्टर इफेक्ट्समध्ये कीलाइट, प्रीमिअरमध्ये अल्ट्रा की, दाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये डेल्टा कीअर. पडद्याचा रंग डोक्याच्या जवळून उचला, कोपऱ्यातून नको. केस तिथे आहेत.

लगेच मॅट बघा, म्हणजे काळं-पांढरं चित्र. पडदा पूर्ण काळा आणि माणूस पूर्ण पांढरा हवा. फक्त कडेला करडं. काळ्यात राखाडी ढग असतील तर ब्लॅक क्लिप थोडी वाढवा, पांढऱ्यात भोकं असतील तर व्हाइट क्लिप थोडी खाली आणा. "थोडी" हा शब्द महत्त्वाचा. दोन्ही खेचत नेल्या की करडी कड संपते आणि केसांचा टोप होतो. मी एकाच कीवर सगळं लादत नाही. एक कडक की माणसाच्या आतल्या भागासाठी, कडेपासून आत सरकवून; दुसरा मऊ की फक्त कडांसाठी. दोन्ही एकत्र केले की छातीतली भोकंही बुजतात आणि बटाही वाचतात.

उरलेली झाक डीस्पिलने जाते. त्याचं तत्त्व सोपं आहे: जिथे हिरवा लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जातो, तिथे त्याला सरासरीवर आणून बसवायचं. जास्त लावलं तर केस जांभळट होतात, तेव्हा कानाच्या पाळीवर आणि पांढऱ्या कॉलरवर नजर ठेवून थांबा.

सेटमध्ये बसवणं

की स्वच्छ झाला म्हणजे निम्मंच काम झालं. आधी काळे जुळवा: माणसाचे काळे केस आणि सेटमधली सर्वांत गडद सावली सारख्याच खोलीची हवी. रंग बंद करून चित्र ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघितलं की उजेडातला फरक पटकन पकडता येतो. मग रंग. मग मागचा सेट किंचित धूसर करा. सगळं काठोकाठ फोकसमध्ये असलेला सेट हा खोटेपणाचा हुकमी पुरावा. टेबल माणसाच्याच अंतरावर असेल तर ते मात्र शार्पच राहू द्या. लाइट रॅपने मागचा उजेड माणसाच्या कडांवर दोन-चार पिक्सेल सांडू द्या, त्याहून जास्त नको. सर्वांत शेवटी संपूर्ण चित्रावर एकच बारीक ग्रेन टाका. रेंडर गुळगुळीत असतो आणि कॅमेऱ्याच्या चित्रात दाणे असतात. ग्रेन दोघांना एका पातळीवर आणतो.

पाय दिसत असतील तर सावली बनवावीच लागते. बुटांच्या तळाला चिकटून गडद, अरुंद सावली आणि तिच्या बाहेर पसरट, फिकी दुसरी. पहिली नसेल तर माणूस तरंगतो. हिरव्या जमिनीवर पडलेली खरी सावली वाचवता आली तर ती नेहमीच वरचढ, पण त्यासाठी जमिनीची चकाकी आधी आवरावी लागते. पोलरायझर फिल्टर तिथे कामी येतो.

लाइव्ह असेल तर

ओबीएस स्टुडिओमध्ये क्रोमा की फिल्टर लावून थरांचा सेट वर-खाली रचता येतो. व्हीमिक्समध्ये व्हर्च्युअल सेटची सोयच आहे. लाइव्हमध्ये मागाहून दुरुस्ती नाही, म्हणून लाइट आणखी काटेकोर हवा. कॅमेरा स्थिर ठेवा, आणि जवळ जाण्याचा भास हवा असेल तर सेट आणि माणूस दोघांना एकत्र मोठं करा. एकट्या माणसाला मोठं केलंत तर तो खोलीत फुगतो.

कॅमेरा खरोखर फिरवायचा तर ट्रॅकिंग लागतं: कॅमेऱ्यावरचा सेन्सर त्याची जागा आणि दिशा थ्रीडी इंजिनला सतत कळवतो. इथे बहुतेक दुखणी वेळेची असतात. चित्र इंजिनपर्यंत पोहोचायला काही फ्रेम लागतात आणि ट्रॅकिंगच्या आकड्यांना वेगळा वेळ लागतो, त्यामुळे दोघांतला उशीर हाताने जुळवावा लागतो. त्यासाठी जमिनीवर एक खरी वस्तू ठेवा, तिच्या शेजारी सेटमध्ये एक खोटी ठेवा, कॅमेरा झटकन फिरवून एकदम थांबवा आणि रेकॉर्डिंग फ्रेम-फ्रेम बघा. खरी वस्तू थांबल्यावर खोटी दोन फ्रेम आणखी सरकली, तर कॅमेऱ्याचं चित्र दोन फ्रेम उशिरा सोडा. खोटी आधी थांबली तर ट्रॅकिंगचे आकडे रोखून धरा. चित्राला उशीर लावलात तर माइकलाही तेवढाच लावा. पहिल्या लाइव्हला आम्ही ते विसरलो होतो.